गाळातील ठेव आणि तिचा हिशेब

नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्यामागील गाळ काढावा, ही निफाड तालुक्यातील मागणी जुनी आहे आणि ती अकारण नाही. २०१६ व २०१९ च्या ऑगस्टमध्ये सायखेडा-चांदोरीत गोदावरीचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हा तेथील लोकांनी जे सोसले ते नाशिकच्या सुरक्षित वस्तीत बसून हलके लेखता येणार नाही. परंतु गाळ काढावा की नाही, एवढ्यावरच चर्चा थांबते. त्या गाळात काय आहे आणि ते कोणाचे आहे, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी गोदावरी-कादवा संगमाशी हा बंधारा घातला गेला, तो कालव्यांनी कोपरगावकडील जमीन भिजविण्यासाठी, पाखरांसाठी नव्हे. उथळ पाण्यात गाळ बसला, गाळात वनस्पती रुजल्या, त्यांच्यामागे पक्षी आले. १९८६ साली अभयारण्य झाले आणि २०२० च्या जानेवारीत रामसर यादीत महाराष्ट्राचे पहिले नाव या पाणथळीचे लागले. सिंचनाच्या हिशेबात जी साठवणीतील तूट, तिच्यावरच ही कीर्ती उभी आहे!

अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने चिखलात का उतरावे, असे कोणी म्हणेल. पण पाणथळीचा तळ ही एक पेढीच असते. पाण्याखाली रुजलेल्या वनस्पती हवेतला कार्बन बांधतात, त्यांचे अवशेष गाळात पुरले जातात. मुळांवाटे थोडा प्राणवायू चिखलात उतरतो आणि त्याच्या आधाराने लोहाचे कण स्फुरदाला धरून ठेवतात. समुद्रात हेच काम सागरी गवत करते. समुद्रतळाचा अत्यल्प भाग ते व्यापते. तरीही दरवर्षी समुद्रतळाशी पुरल्या जाणाऱ्या कार्बनपैकी सुमारे दहावा हिस्सा त्याच्या कुरणांत जमा होतो, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ते गवत मेले की ठेव मोडू लागते.

गोदावरीत ठेव मोडण्याचे निमित्त पाणवेल आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती सांडपाण्यावर पोसते आणि अनुकूल हवेत पंधरवड्यात दुपटीने वाढते. तिचे छत पसरले की खाली उजेड जात नाही, तळाच्या वनस्पती मरतात, कुजणाऱ्या पाल्याने प्राणवायू संपतो. प्राणवायू संपला की लोहाची पकड सुटते आणि गाळातला स्फुरद पुन्हा पाण्यात येतो. तोच खाऊन पाणवेल आणखी वाढते. चक्रवाढ व्याज म्हणतात ते हेच. फक्त कर्ज एकाचे आणि व्याज दुसऱ्याच्या माथी. शिवाय समुद्राच्या पाण्यात सल्फेट विपुल असल्याने तेथील चिखलात मिथेनला बराच आळा बसतो. गोड्या पाण्याला ते कवच नाही. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कर्बवायूच्या सुमारे २७ पट उष्णता कोंडतो.

आता कर्ज कोणाचे ते पाहू. माणसाच्या अन्नातून वर्षाकाठी साधारण अर्धा किलोच्या आतबाहेर स्फुरद शरीराबाहेर पडतो. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची वस्ती १४ लाख ८६ हजार होती. माणशी ४०० ग्रॅम धरले तरी सुमारे ६०० टन होतात. डीएपीच्या भाषेत पन्नास किलोची ६० हजार पोती. सगळा स्फुरद नांदूरमध्यमेश्वरला पोहोचत नाही, हे मान्य. परंतु सर्वसाधारण मलजलशुद्धीकरण केंद्र सेंद्रिय घाण कमी करण्यासाठी बांधलेले असते. विरघळलेल्या स्फुरदाचा मोठा भाग त्यातून तसाच पुढे जातो. ज्या स्फुरदासाठी देश परकीय चलन खर्चून खनिज आणि खते आणतो, अनुदान देतो, तो ताटातून गटारात आणि गटारातून निफाडच्या गाळात जातो. त्यात द्राक्षबागांतून व उसाच्या शेतांतून वाहून आलेल्या खतांची भर आहेच. शेतकऱ्यालाही या हिशेबातून वगळता येणार नाही. तरी पुराचे पाणी घरात घेणारा आणि पुलाला अडकलेली पाणवेल पाहणारा सायखेडेकर आहे, नाशिककर नाही.

२०१७ पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आहे. कल्पना उत्तम. पण शहराखालचा गाळ हा माळावरच्या पाझर तलावाचा गाळ नव्हे. त्यावर कारखानदारीच्या वस्तीचे पाणी गेलेले असते. जड धातूंची तपासणी न करता तो भाजीच्या वाफ्यात टाकणे धोक्याचे. सरसकट उपसा केला तर पक्ष्यांची उथळ जागा जाईल आणि ढवळलेल्या तळातून अडकलेला स्फुरद एकदम सुटेल. पुराचा प्रवाह अडवणाऱ्या पट्ट्यातला गाळ तेवढा काढावा, तपासून शेतकऱ्याला द्यावा. आणि पाणवेल कुजण्यापूर्वी काठावर ओढून तिचे खत करावे, म्हणजे तिने शोषलेले तरी पाण्याबाहेर येईल.

खर्चाचा प्रश्न उरतो. सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिकच्या घाटांवर पैसा सढळ हाताने येतो, तो यात्रेकरूंच्या डोळ्यांसमोर असतो म्हणून. ज्याने घाण केली त्याने भरावे, हे तत्त्व आम्ही वर्गात पहिल्या सत्रातच शिकवितो. ते येथे लावायचे तर शुद्धीकरण केंद्रात स्फुरद काढण्याची सोय आणि बंधाऱ्यामागच्या पाणवेलीची सफाई या दोन्हींचा भार शहराच्या मलनिस्सारण करावर पडेल. कर थोडा वाढेल, ओरडही होईल. गाळाचे नमुने मात्र हिवाळ्यातच घ्यायला हवेत; मे महिन्यात यंत्रे काठावर उभी राहिली की प्रयोगशाळेच्या अहवालासाठी कोणी थांबत नाही.