पदवीसाठी होळी का चुकावी?

उच्च शिक्षणातल्या आदिवासी मुलींची संख्या ज्या वेगाने वाढली, तिची म्हणावी तशी दखल आपण घेतलेली नाही. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१४-१५ मध्ये देशभरात अनुसूचित जमातींच्या ७.४७ लाख मुली उच्च शिक्षण घेत होत्या. २०२१-२२ मध्ये त्या १३.४६ लाख झाल्या. या जमातींच्या विद्यार्थ्यांत आता जवळपास निम्म्या मुली आहेत. कौतुक होते, पण पाठोपाठ एक प्रश्नही हमखास त्या मुलींनाच विचारला जातो : शिकलात, आता आपले रीतिरिवाज पाळणार का? गावातली जाणती माणसे तो काळजीने विचारतात, शहरातली कुतूहलाने. शिक्षण आणि परंपरा एकमेकींच्या आड येणारच, हे दोघांनीही गृहीत धरलेले असते. माझ्या मते ही अडचण आपली शिक्षणव्यवस्थाच दरवर्षी नव्याने उभी करते आणि निस्तरायला मुलींच्या गळ्यात घालते.

शैक्षणिक वेळापत्रकच पाहा. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरांचा आणि मेळघाटातल्या कोरकूंचा वर्षातला सगळ्यात मोठा सण होळी. तिच्याआधीचे भोंगऱ्या बाजार, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी, मेळघाटात पुढे काही दिवस चालणारा फगवा. नवस, गाणी, सोयरीक, देणेघेणे सारे याच दिवसांत. बारावीची परीक्षा मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये असते आणि तिच्यामागोमाग विद्यापीठांच्या उन्हाळी परीक्षा लागतात. मोहफुले वेचण्याचा हंगाम मार्च-एप्रिलचा, वारल्यांची लग्नसराईही उन्हाळ्यातलीच. दिवाळीला महाविद्यालये चांगली दोन-तीन आठवडे बंद असतात, होळी-धुळवडीला जेमतेम एक-दोन दिवस. पुण्या-नाशिकच्या वसतिगृहातून धडगावच्या किंवा धारणीच्या पाड्यावर जाऊन यायलाच तेवढे दिवस लागतात. सणाला न आलेली मुलगी ‘शिकून बदलली’ असे गावात बोलले जाते, तेव्हा ती वसतिगृहात उद्याच्या पेपरचा अभ्यास करत असते.

यात निसटते ते बरेचसे बायकांच्या हातातले ज्ञान आहे. वारली लग्नात धवलेरी या स्त्री-पुरोहिताचा मान मोठा. तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहितात त्याही सवाशिणीच. धवलेरीची गाणी लग्नामागून लग्नांत बसून, ऐकूनच येतात. लग्नचौकाचे हे वारली चित्र १९७० च्या दशकात भिंतीवरून कागदावर आले, तेव्हा नाव झाले ते मुख्यतः पुरुष चित्रकारांचे. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये मिळालेली पद्मश्री सर्वस्वी योग्यच होती, पण चौक लिहिणाऱ्या असंख्य बायका अनामिक राहिल्या. कला बाजारात गेली तेव्हा तिच्या मूळ मालकिणी मागे पडल्या. शिक्षणाच्या वाटेवर तेच पुन्हा घडू द्यायचे का? अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेची पायरी न चढता देशी वाणांची बीजबँक उभी केली आणि २०२० मध्ये त्या पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या. कोणते बी कसे निवडावे, कसे राखावे हे घरात, शेतात, मोठ्यांच्या मागे वावरूनच कळते. पहिलीपासून आश्रमशाळेत राहिलेली मुलगी कृषी पदवीपर्यंत पोहोचते, तोवर घरच्या या शिकवणीची पंधराएक वर्षे तिच्या हातून गेलेली असतात. ती भरून काढण्याची जबाबदारी तिच्या एकटीची कशी?

परंपरेतले सगळेच राखण्याजोगे नाही, हा आक्षेप रास्त आहे. गडचिरोलीतल्या माडिया गावांत पाळीच्या दिवसांत बायकांना कुर्माघरात वेगळे राहावे लागते. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही आणि अनेक जमातींत मुलीला जमिनीत वाटा न देण्याची रूढी आहे. छत्तीसगडमधल्या एका गोंड स्त्रीच्या वारसांना आजोळच्या मालमत्तेत समान वाटा मिळवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, तेव्हा कुठे जुलै २०२५ मध्ये तो मान्य झाला. पण कोणती रीत राखायची आणि कोणती मोडायची, हे ठरवायचे कोणी? बाहेरून आलेला आदेश पाड्यावर परकाच राहतो. जिला आजीशी माडियातून वाद घालता येतो आणि कायद्याचे कलमही वाचता येते, तिचे ऐकले जाण्याची शक्यता कितीतरी जास्त. तिचा गावाशी धागा तुटला, की कुर्माघराविरुद्ध बोलणारे घरातले माणूसच उरत नाही.

दुसरा आक्षेप पोटापाण्याचा. गोंडी किंवा भिली येऊन नोकरी मिळते का? २०११ च्या जनगणनेत भिली भाषकांची संख्या एक कोटीच्या वर आणि गोंडी भाषकांची २९ लाखांच्या आसपास होती, तरी या भाषा आठव्या अनुसूचीत नाहीत. संथाळीचा समावेश २००३ मध्ये झाला. आज त्या विषयात प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा देता येते. म्हणजे रोजगार नसणे हा भाषेचा दोष नव्हे. शिवाय २००६ च्या वनहक्क कायद्यामुळे मेंढा-लेखासारख्या ग्रामसभांकडे जंगलाचे सामूहिक हक्क आले आहेत. बांबू आणि तेंदूपत्त्याची विक्री, हिशेब, वनाचे व्यवस्थापन आराखडे ही कामे त्यांना करावी लागतात. झाडे नावाने ओळखणारी आणि ताळेबंदही वाचणारी मुलगी या कामाला हवी. भामरागडच्या रुग्णाला त्याच्या भाषेत दुखणे विचारणारी परिचारिकाही तितकीच हवी.

स्नेहसंमेलनात आदिवासी मुलींचा नाच बसवला की परंपरेचा सन्मान झाला, ही समजूत महाविद्यालयांनी सोडावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आदिवासी ज्ञानाचा स्पष्ट उल्लेख आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही तरतूद आणून पदवी नसलेल्या जाणकारांनाही वर्गाचे दार उघडले. मग बी राखणारी किंवा झाडपाला जाणणारी बाई शिकवायला येण्यात अडचण उरते ती इच्छेची. नंदुरबार किंवा मेळघाटातल्या महाविद्यालयांपुरती होळीच्या आठवड्यात परीक्षा न ठेवणे विद्यापीठांना एका बैठकीत ठरवता येईल. दिवाळीच्या सुट्टीतले चार-पाच दिवस इकडे वळवले तर अध्यापनाचा एकही दिवस बुडत नाही. आणि विद्यार्थिनीने आपल्या गावातली गाणी, वाण, वनस्पती नोंदवल्या, तर त्याचे श्रेयांक तिला मिळावेत आणि त्या नोंदींवर हक्क तिच्या ग्रामसभेचा राहावा. आजवर याच सामग्रीवर बाहेरून आलेल्या कितीतरी अभ्यासकांनी आपापल्या पदव्या मिळवल्या आहेत.