तीस वर्षांची नोंदवही

१ मे २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे 'एनआयएच'ने, एक निर्णय जाहीर केला. अमेरिकी विद्यापीठांना मिळणाऱ्या संशोधन निधीतला काही वाटा परदेशातल्या भागीदार संस्थांकडे जात असे. ती पद्धत बदलायची आणि नवी व्यवस्था येईपर्यंत असा वाटा असलेली अनुदाने द्यायची नाहीत, असे ठरले. परदेशी गेलेल्या पैशाचा हिशेब नीट राहावा, हे कारण सांगण्यात आले. हिशेब मागण्यात गैर काहीच नाही. पण काही आजारांच्या संशोधनात मध्येच पडलेला खंड पुढे भरून काढता येत नाही. यकृत आणि स्वादुपिंडाचे कर्करोग त्यांपैकीच आहेत.

२०२२ मध्ये जगभरात यकृताच्या कर्करोगाचे सुमारे ८ लाख ६६ हजार नवे रुग्ण आढळले आणि त्याच वर्षी सुमारे ७ लाख ५८ हजार जण त्याने दगावले. स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे नवे रुग्ण सुमारे ५ लाख ११ हजार आणि मृत्यू ४ लाख ६७ हजार. दोन्ही आकडे इतके जवळ असतात, तेव्हा त्याचा अर्थ सरळ आहे : निदान होते तेव्हा बहुतेकांच्या बाबतीत उशीर झालेला असतो.

यकृताच्या कर्करोगाचे एक मोठे कारण आपल्याला ठाऊक आहे. हिपॅटायटिस 'बी'चा विषाणू लहानपणी शरीरात शिरला, की अनेकदा तो कायमचा मुक्काम ठोकतो आणि काही दशकांनी कर्करोग डोके वर काढतो. लस आली तेव्हा प्रश्न असा होता, की बाळाला टोचलेली लस चाळिशीतला कर्करोग खरेच टाळते का? युरोपात याचे उत्तर मिळणे कठीण होते, कारण तिथे लहानपणीचा संसर्ग कमी आणि हा कर्करोगही कमी. जिथे आजार होता, तिथेच उत्तर शोधावे लागणार होते.

म्हणून १९८६ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बिया या छोट्या देशात काम सुरू झाले. तिथले सरकार, ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचे तिथले केंद्र आणि फ्रान्समधल्या लिऑन शहरातली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था असे तिघे एकत्र आले. पैसा प्रामुख्याने इटलीचा होता. लस तेव्हा महाग होती, सगळ्या देशात एकदम देणे शक्य नव्हते. म्हणून चार वर्षांत टप्प्याटप्प्याने एकेका भागात ती सुरू केली गेली. त्या काळात जन्मलेली सुमारे सव्वा लाख बाळे नोंदली गेली; त्यांपैकी साधारण निम्म्यांना ही लस मिळाली होती.

लसीइतकेच महत्त्वाचे दुसरे एक काम त्यांनी केले. संपूर्ण देशासाठी कर्करोग नोंदणी सुरू केली. कोणाला, कुठे, कोणता कर्करोग झाला, याची नोंदवही. ती नसती तर लस टोचूनही उत्तर कधीच मिळाले नसते. आणि ती नोंदवही तीन-चार दशके न चुकता भरावी लागते. अनुदान मात्र सहसा पाच वर्षांचे असते. खरी अडचण इथे आहे.

हे आपल्याला परके वाटायला नको. मी सरकारी रुग्णालयात काम करतो. पोटात पाणी आणि डोळे पिवळे घेऊन रुग्ण येतो. सोनोग्राफीत यकृतात गाठ दिसते. तपासणीसाठी तुकडा घेण्याइतकी प्रकृती अनेकदा नसते. नातेवाईक घरी नेतात. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिले जाते, 'हृदयक्रिया व श्वसनक्रिया बंद पडल्याने'. प्रत्येकाचाच मृत्यू शेवटी तसा होतो! गाठीचा उल्लेख राहून जातो. असे दाखले मीही तरुणपणी लिहिले आहेत. त्यातला प्रत्येक रुग्ण देशाच्या हिशेबातून गळाला.

स्वादुपिंडाच्या बाबतीत तर अजून लसही नाही आणि भरवशाची चाळणी तपासणीही नाही. तिथे नमुने हवेत, ते लगेच गोठवून ठेवण्याची सोय हवी, पेशी ओळखणारे तज्ज्ञ हवेत आणि रुग्ण घरी गेल्यावर त्याची खबर घेणारा माणूस हवा. नमुने परदेशी गेले, शोधनिबंध छापून आला आणि इथे कोणीच तयार झाले नाही, तर त्याला क्षमता उभारणे म्हणता येणार नाही.

आपल्याकडे याचे चांगले उदाहरण बार्शीचे आहे. १९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांसाठी देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. कर्मचारी गावोगाव जात, लोकांशी बोलत. केवळ या वावरामुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या. नोंद ठेवणारा माणूस गावात ओळखीचा झाला, की आजारही लवकर ओळखीचा होतो.

हिपॅटायटिस 'बी'ची लस आपल्या सरकारी लसीकरणात २०११ पासून देशभर मिळू लागली. त्या वर्षीची बाळे चाळिशीला पोहोचतील तेव्हा २०५१ साल उजाडलेले असेल. लसीने त्यांना कर्करोगापासून किती वाचवले, हे तेव्हा सांगता यायचे असेल तर नोंदवही आजपासून नीट भरावी लागेल. त्यासाठी परदेशी भागीदार जरूर असावेत. पण नोंदणी कर्मचाऱ्याचा पगार आणि प्रयोगशाळेतला शीतपेटीचा खर्च आपल्या सरकारी अंदाजपत्रकातच असायला हवा. वॉशिंग्टनमधल्या एका सूचनेने ज्याचा पगार थांबतो, त्याच्या हातात तीस वर्षांची नोंदवही राहणार कशी?