पाटी आमची, पण खोली कोणाची?



दिवाळीनंतर आम्ही सगळे एका तीर्थक्षेत्री दोन रात्री राहून आलो. हे, मुलगा, सून, दोन नातवंडं आणि ८६ वर्षांच्या सासूबाई. "पुन्हा जमेल न जमेल, एकदा डोळे भरून अभिषेक बघते," असं त्या म्हणाल्या म्हणून निघालो. क्षेत्राचं नाव लिहीत नाही. प्रत्येकीला असं एखादं ठिकाण आठवेलच.

मंदिर सुरेख, लखलखीत. पण धर्मशाळेची खोली उघडली आणि ओल्या गादीचा वास आला. न्हाणीघराची कडी तुटलेली, मोरी तुंबलेली, साचलेल्या पाण्यात अळ्या. गाद्यांवर आपल्या सोलापुरी चादरी अंथरून वेळ निभावली. व्यवस्थापकांना सांगितलं तर म्हणाले, "ताई, चाळीस खोल्या आणि झाडायला दोन बायका. मी तरी काय करू?" त्यांचंही खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई दुपारपासूनच पाणी घेईनात. सूर्यास्तानंतर त्या घेत नाहीतच, पण दुपारी का नको? फार विचारल्यावर हळूच म्हणाल्या, "रात्री उठावं लागलं आणि त्या मोरीत पाय घसरला तर काय करू गं?" मला भरून आलं.

सून म्हणाली, "आई, पुढच्या वेळी शहरात हॉटेल घेऊ आणि सकाळी गाडीनं दर्शनाला येऊ." तिचं काय चुकलं? पण हॉटेलात राहिलं की पहाटेचा अभिषेक, संध्याकाळची आरती, शास्त्रवाचन सगळं सुटतं. मुलांच्या लेखी तीर्थ म्हणजे अर्ध्या तासाचं दर्शन होऊन बसेल.

मामंजींच्या स्मरणार्थ आम्ही १९९८ साली इथल्या एका खोलीसाठी देणगी दिली होती. निघताना नातवाला पणजोबांचं नाव दाखवावं म्हणून पाटी शोधली. पाटी होती, पण दाराला कुलूप. खिडकीतून पाहिलं तर आत मोडक्या खाटा आणि फाटक्या गाद्यांचा ढीग. इतक्या वर्षांत त्या खोलीसाठी आम्ही पुन्हा एक रुपया दिला नव्हता, साधी चौकशीही केली नव्हती.

मी बी.कॉम. झालेली. भांडवली खर्च वेगळा, महसुली खर्च वेगळा, आणि वास्तू उभी राहिली की घसारा सुरू होतो, हे पहिल्याच वर्षी शिकवतात. सार्वजनिक ट्रस्टच्या उत्पन्न-खर्च पत्रकाचा ठरलेला नमुना असतो, त्याला अनुसूची ९ म्हणतात. त्यात मालमत्तेच्या खर्चाखाली कर, दुरुस्ती व देखभाल, पगार, विमा, घसारा अशा ओळी छापलेल्याच असतात. कायद्याला जे कळतं ते आपल्याला दान देताना का कळू नये? नळाच्या वायसरवर किंवा झाडणाऱ्या बाईच्या पगारावर नाव कोरता येत नाही, म्हणून त्यासाठी कोणी पावती फाडत नाही. नवीन खोल्या मात्र वाढतच जातात.

काहीजणी म्हणतील, तीर्थावर सुखसोयी कशाला हव्यात? मलाही नकोत. चटईवर झोपू, थंड पाण्यानं आंघोळ करू. पण कष्ट वेगळे आणि घाण वेगळी. घाण सोसण्यात त्याग नाही. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद घातला आहे. मोरी तुंबू द्यायची, जीव उत्पन्न होऊ द्यायचे आणि मग औषध फवारायचं, हा प्रमादच ना? घरी पाणी गाळून पिणाऱ्या आपण, क्षेत्रावर गेलो की हे कसं विसरतो?

समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात आहार, औषध, उपकरण आणि आवास अशी चार दानं सांगितली आणि चारही वैयावृत्त्यात घातली. संदर्भ त्यागींच्या सेवेचा आहे, पण मला त्यातून एवढं कळलं की निवारा देणं ही सेवा आहे. आणि सेवा एकदा पाटी लावून संपत नाही.

यंदा मामंजींच्या पुण्यतिथीला आम्ही त्याच क्षेत्राला रक्कम पाठवली. पावतीवर 'खोल्यांची दुरुस्ती व देखभाल' असं लिहून मागितलं आणि सोबत तुटक्या कडीपासून मोरीपर्यंत सगळी यादी जोडली. दरवर्षी थोडं का होईना, पाठवायचं ठरवलं आहे. तुमच्याही घरची एखादी पाटी कुठंतरी असेल. पुढच्या वेळी गेलात की नाव वाचून परतू नका, त्या खोलीचं दार उघडून आत बघा. आणि आपण राहिलेली खोली निघताना झाडून द्या, सोबतच्या मुलांनाही हाताशी घ्या.

सासूबाई विचारतात, "कडी बसवली का गं त्यांनी?" बसवली असं कळलं की त्यांना पुन्हा घेऊन जाणार आहे.