‘डीजे’ या शब्दातला हरवलेला माणूस

काही शब्द परभाषेतून येताना आपला अर्थ वाटेत सांडून येतात. ‘डीजे’ हा त्यांपैकीच एक. गणेशोत्सवाच्या दिवसांत वृत्तपत्र उघडावे, तर ‘डीजे जप्त’, ‘डीजेवर बंदी’, ‘डीजेच्या भिंती’ असे मथळे दिसतात. जप्त होतो तो ध्वनिक्षेपकांचा ढीग. शब्द मात्र आहे ‘डिस्क जॉकी’चा, म्हणजे तबकड्या वाजविणाऱ्या माणसाचा. मराठीत यंत्र तेवढे उरले आणि माणूस नाहीसा झाला. तरुणांना वाटते, आवाज चढविला की डीजे झाला. ज्येष्ठांना वाटते, डीजे म्हणजे पाश्चात्त्य स्वैराचाराचा कर्णा. दोघांच्याही तोंडी ज्याचे नाव आहे, त्याचे काम काय असते, हे दोघांनीही पाहिलेले नाही. ते काम ज्यांच्या कारकिर्दीत लख्ख दिसते, अशा एका गृहस्थांची हकीकत म्हणूनच येथे सांगावीशी वाटते.

फ्रँकी नकल्स यांचा जन्म १८ जानेवारी १९५५ चा, न्यूयॉर्कमधील ब्रॉन्क्स भागातला. वस्त्ररचनेचे शिक्षण घेत असतानाच, १९७० च्या दशकाच्या आरंभी, लॅरी लेव्हन या मित्रासह ते तेथील रात्रीच्या क्लबांत तबकड्या वाजवू लागले. डिस्को संगीत तेव्हा आकाराला येत होते. या क्लबांत येणारा तरुणवर्ग बहुतांशी कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी आणि समलिंगी होता. प्रतिष्ठित अमेरिकी समाजाने ज्यांच्यासाठी दारे बंद ठेवली होती, असा. आपल्या रूढ संस्कारांना त्या जगातील बरेच काही रुचणारे नाही. तथापि, न रुचणाऱ्या ठिकाणीही विद्या असू शकते, हे मान्य करण्यात कमीपणा कसला?

ती विद्या कोणती? दोन तबकडी-यंत्रे आणि मध्ये आवाज मिसळण्याचे एक उपकरण, एवढीच सामग्री. एक तबकडी नर्तकांना ऐकू येत असते, दुसरी फक्त वाजविणाऱ्याच्या कानावरील श्रवणयंत्रात. दुसरीची गती किंचित कमी-अधिक करून तिचा ठोका पहिलीच्या ठोक्यावर अचूक बसवायचा आणि मग हलकेच पहिली मावळू द्यायची. नाचणाऱ्याचे पाऊल न अडखळता गाणे बदललेले असते. आपल्याकडील संगीताचा जाणकार यास लय सांभाळणे म्हणेल. १९७० च्या सुमारास फ्रान्सिस ग्रासो या न्यूयॉर्कमधील वादकाने हे तंत्र रूढ केले, तेव्हा त्यासाठी गणकयंत्र नव्हते. कान आणि बोटे होती. पण तंत्र हा निम्माच भाग. समोरचा समुदाय थकला आहे की उसळला आहे, हे पाहून पुढचे गाणे निवडायचे असते. मैफलीतला गवई श्रोत्यांची नाडी ओळखून पुढची चीज काढतो, त्याच जातीचे हे कसब आहे.

१९७७ मध्ये शिकागोत ‘वेअरहाऊस’ नावाचा क्लब निघाला. प्रथम विचारणा झाली ती लेव्हन यांना. ते गेले नाहीत, म्हणून नकल्स गेले. एका जुन्या औद्योगिक इमारतीतील ही जागा. शनिवारच्या रात्री सुरू झालेले वादन रविवारी दिवस वर येईपर्यंत चाले आणि तेथे मद्यविक्री होत नसे! अर्थात, म्हणून सारे सात्त्विक होते, असे मुळीच नव्हे. अमली पदार्थांनी त्या पिढीचा मोठा घास घेतला. प्रतिभावान लेव्हन १९९२ मध्ये अवघ्या ३८ व्या वर्षी गेले.

याच शिकागोत १२ जुलै १९७९ रोजी जे घडले, ते विसरता येणार नाही. कॉमिस्की पार्क या मैदानावर बेसबॉलचे लागोपाठ दोन सामने होते. डिस्कोची एक तबकडी आणा आणि ९८ सेंटमध्ये प्रवेश मिळवा, अशी योजना जाहीर झाली. दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत त्या तबकड्या पेटीत भरून स्फोटाने उडविण्यात आल्या. सुमारे ५० हजारांच्या गर्दीतील हजारो लोक मैदानात घुसले, जाळपोळ झाली आणि दुसरा सामना रद्द होऊन तो यजमान संघाने गमावल्याचे जाहीर करावे लागले. या प्रकाराचा सूत्रधार स्टीव्ह डाल हा कोण होता? तोही एक डिस्क जॉकीच, पण नभोवाणीवरचा! त्याच्या केंद्राने डिस्को स्वीकारला, तेव्हा त्याची नोकरी गेली होती. त्या दिवशी मैदानावर द्वारपालाचे काम करणाऱ्या व्हिन्स लॉरेन्स या कृष्णवर्णीय मुलाने एक गोष्ट टिपून ठेवली. लोक जाळण्यासाठी आणीत होते, त्यांतल्या अनेक तबकड्या डिस्कोच्या नव्हत्याच. त्या केवळ कृष्णवर्णीय गायकांच्या होत्या. विरोध संगीताला की माणसांना, याचे उत्तर त्या ढिगातच होते.

गंमत अशी की, अमेरिकेत डिस्कोची होळी होत असताना आपल्याकडे त्याचे आगमन व्हायचे होते. ‘कुर्बानी’ १९८० चा आणि ‘डिस्को डान्सर’ १९८२ चा.

त्या होळीनंतर कंपन्यांनी डिस्कोच्या नव्या तबकड्या काढणे जवळजवळ थांबविले. मालच येईनासा झाल्यावर वादकाने करावे काय? नकल्स यांनी जुनीच गाणी ध्वनिफितीवर घेतली, फीत पात्याने कापून नव्याने जोडली, तालाचा भाग लांबविला, नको तो गाळला आणि पुढे त्यावर विद्युत-तालयंत्राचा ठेका चढविला. डिस्को मेला, असे जग म्हणत असताना शनिवारमागून शनिवार हे काम चालू होते. त्यातून जी संगीतधारा निघाली, तिला ‘हाऊस’ म्हणतात. हे नाव ‘वेअरहाऊस’वरूनच पडले, असे सांगितले जाते. मैदानावरचा तो द्वारपाल लॉरेन्स पुढे याच संगीताच्या आद्य रचनाकारांपैकी एक झाला.

मान्यता उशिरा आली. १९९८ मध्ये पुनर्मिश्रणासाठी प्रथमच ग्रॅमी पुरस्कार देण्यात आला, तो नकल्स यांना. २००४ मध्ये शिकागोने, जुन्या वेअरहाऊसच्या रस्त्याला त्यांचे नाव दिले. २००८ मध्ये मधुमेहाच्या गुंतागुंतीतून पाय कापावा लागला, तरी ते पुन्हा यंत्रांपाशी उभे राहिले आणि ३१ मार्च २०१४ रोजी निवर्तले. त्यांच्या तबकड्यांचा संग्रह शिकागोतच एका जुन्या बँकेच्या वास्तूत जतन केला आहे. २०२३ मध्ये वेअरहाऊसच्या इमारतीलाही वारसा-वास्तूचा दर्जा मिळाला.

आता आपल्या वादाकडे वळू. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम डीजे, ढोल वा भोंगा असा भेद करीत नाहीत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ते घालतात. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्पष्ट केले की, नको असलेला आवाज ऐकण्याची सक्ती कोणी कोणावर करू शकत नाही. तेव्हा प्रश्न पाश्चात्त्य की देशी, हा नाहीच. शेकडो ढोल एकाच चौकात घुमू लागले, तर शेजारच्या रुग्णाच्या छातीत धडधडतेच, मग परंपरेचे कितीही दाखले द्या. आणि ध्वनिक्षेपकांच्या भिंतीमागे भ्रमणध्वनीवरून एकापाठोपाठ एक गाणे सोडणाऱ्या मुलाला, समोरचे वृद्ध कानांवर हात ठेवून चालले आहेत, हे दिसत नसेल, तर नकल्स ज्या अर्थाने डीजे होते, त्या अर्थाने तो डीजे नव्हेच.

मंडळांच्या बैठकीत सुपारी ठरविताना ‘बेस’ किती, ‘टॉप’ किती, दर काय, याची घासाघीस तासभर चालते. वाजविणारा कोण आणि त्याला काय येते, हे त्या तासाभरात कोणी विचारीत नाही.