पोटावरच्या पिशवीची भीती कशासाठी?

"डॉक्टर, मेलो तरी चालेल, पण पोटावर ती पिशवी नको!" गुदाशयाच्या कर्करोगाचे रुग्ण मला हे वाक्य वारंवार ऐकवतात. काही जण एवढे बोलून उठून जातात आणि सहा-आठ महिन्यांनी परत येतात. तोपर्यंत रोग शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला असतो. म्हणून या विषयावर आज स्पष्ट बोलणे मला आवश्यक वाटते.

आतड्याचा पुढचा भाग काढावा लागला, किंवा त्याला काही काळ विश्रांती द्यायची असली, की आतड्याचे टोक पोटावर बाहेर काढून त्वचेला शिवतात. या तोंडाला 'स्टोमा' म्हणतात. मोठ्या आतड्याचा असेल तर कोलोस्टोमी, लहान आतड्याचा असेल तर इलिओस्टोमी आणि लघवीसाठी केलेला असेल तर युरोस्टोमी. कर्करोगाखेरीज आतड्याला छिद्र पडणे, पीळ बसणे, अपघात अशा कारणांनीही तो करावा लागतो. प्रत्येक स्टोमा कायमचा नसतो. पुष्कळ स्टोमा काही महिन्यांनी बंद करता येतात.

माझ्या मते खरा दोष पिशवीचा नाही, आधी न बोलण्याचा आहे. आपल्याकडे अनेकदा कागदावर सही घेतली जाते आणि रुग्णाला पिशवी दिसते ती शुद्धीवर आल्यावर. तातडीच्या शस्त्रक्रियेत वेळ नसतो, हे मान्य. पण ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत ही सबब चालू नये. आदल्या दिवशी रुग्णाला उभे करून, बसवून, वाकवून स्टोमाची जागा शाईने आखली पाहिजे. परकराची वा पायजम्याची नाडी, धोतराची गाठ, निऱ्या खोचण्याची जागा आणि पोटाची वळी टाळली पाहिजे. रुग्णाला स्वतःचा स्टोमा दिसला पाहिजे. जागा चुकली तर पिशवी गळते, कातडी सोलवटते आणि माणूस घराबाहेर पडेनासा होतो.

निरोगी स्टोमा गालाच्या आतल्या भागासारखा लाल व ओलसर असतो. त्याला स्पर्श केल्याने दुखत नाही. पुसताना थेंबभर रक्त आले तर घाबरू नये. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी. त्वचेवर चिकटणाऱ्या चकतीचे छिद्र स्टोमापेक्षा फक्त २-३ मिलिमीटर मोठे कापावे. सुरुवातीचे सहा-आठ आठवडे स्टोमा आकसतो, म्हणून माप पुन्हा घ्यावे. इलिओस्टोमी असलेल्यांनी उन्हाळ्यात पाण्याबरोबर मीठही पोटात जाईल हे पाहावे. पिशवी लावून अंघोळ करता येते, प्रवास करता येतो, नोकरी करता येते. संसारसुखही संपत नाही. जड ओझे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उचलू नये. स्टोमा काळा-निळा पडला, पोटात कळा व उलट्या येऊन पिशवीत काहीच आले नाही, किंवा फार पातळ जाऊन लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आता घरच्यांसाठी दोन शब्द. काही घरांत अशा रुग्णाचे ताट वेगळे होते, बाईला स्वयंपाकघर आणि देवघर बंद होते. हा संसर्गजन्य रोग नाही. मल सर्वांच्याच पोटात असतो; यांचा फक्त बाहेर पडण्याचा मार्ग बदललेला आहे. त्यात कसला विटाळ?

या क्षेत्रातील मोठे काम एका रुग्णानेच केले आहे. अमेरिकेच्या नॉर्मा गिल यांना स्वतःला इलिओस्टोमी होती. शल्यविशारद रुपर्ट टर्नबुल यांनी १९५८ साली त्यांना क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये अशाच रुग्णांना शिकवण्यासाठी नेमले. त्यातूनच स्टोमा परिचर्येचे शास्त्र उभे राहिले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातही परिचारिकांना हे शिक्षण मिळते. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात अशी एक तरी प्रशिक्षित परिचारिका असावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

तोपर्यंत रुग्णांनी शस्त्रक्रियेपूर्वी तीन प्रश्न जरूर विचारावेत : स्टोमा लागेल का? तात्पुरता की कायमचा? त्याची जागा कोण आणि केव्हा आखणार? विचारण्यात संकोच करू नका. लाजेपायी उपचार टाळण्याइतके हे दुखणे स्वस्त नाही.