वर्ग फुकट, सोबत मात्र हवी

सप्टेंबर २०१२ ची गोष्ट. लाहोरची ११ वर्षांची खदीजा नियाझी घरी संगणकासमोर बसून भौतिकशास्त्राची शेवटची परीक्षा देत होती. अभ्यासक्रम अमेरिकेतल्या ‘युडॅसिटी’चा आणि प्रश्न यूट्यूबवरच्या व्हिडिओंतून विचारलेले. नेमके त्याच वेळी पाकिस्तान सरकारने यूट्यूब बंद केले. खदीजाने आपली अडचण सहाध्यायांना लिहून कळवली. मलेशियातला एक तरुण तिच्यासाठी प्रश्नांचे वर्णन लिहू लागला. पोर्तुगालमधल्या एका प्राध्यापिकेने ते व्हिडिओ उतरवून घेतले आणि दुसऱ्या संकेतस्थळावर चढवून दिले. दुसऱ्या दिवशी खदीजा उत्तम श्रेणीत पास झाली.

या गोष्टीत लोक इंटरनेटचे कौतुक करतात. मला त्या अनोळखी सोबत्यांचे जास्त वाटते.

त्याच्या आदल्या वर्षी स्टॅनफर्डच्या दोन तज्ज्ञांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वर्ग सगळ्या जगाला मोफत खुला केला होता. सुमारे १,६०,००० लोकांनी नावे घातली; शेवटपर्यंत टिकले २३,०००च्या आसपास. पुढे ‘कोर्सेरा’ आणि ‘एडएक्स’ आले. आता गरिबाच्या मुलालाही हार्वर्डचे प्राध्यापक शिकवणार, असे वाटू लागले. पण पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने आपल्या अशा वर्गांची पाहणी केली, तेव्हा शिकणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक लोक आधीच पदवीधर निघाले. २०१७-१८ मध्ये हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन वर्गांत उतरलेल्या शंभरांतून जेमतेम तिघांनी अभ्यासक्रम पुरा केला.

असे का होते? फी नसली तरी खर्च असतोच. वेळ लागतो, इंग्रजी लागते, हातात फोन लागतो. घरात एकच चांगला फोन असेल तर तो दिवसभर अब्बांबरोबर दुकानात असतो. मुलगी रात्री भांडी आवरून बसते, तोवर डेटा संपलेला आणि डोळे मिटू लागलेले. आणि अडले तर विचारायचे कोणाला?

आपल्याकडे केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ पोर्टल २०१७ पासून आहे. तिथे शिकणे मोफत आहे. प्रमाणपत्र हवे असेल तर फी भरून वेगळी परीक्षा द्यावी लागते. कॉलेजची मान्यता असेल तर त्याचे क्रेडिट पदवीतही धरले जातात. म्हणून नाव घालण्याआधी कॉलेजात नीट चौकशी करा.

एका वेळी एकच अभ्यासक्रम घ्या, आणि तो एकटीने घेऊ नका. दोन मैत्रिणी, नणंद-भावजय, मायलेकी, कोणीही चालेल. एकीचे अडले की दुसरी विचारते, एकीने कंटाळा केला की दुसरी उठवते. आणि घरच्यांनी एवढेच ठरवावे: मगरिबनंतरचा एक तास फोन तिचा. त्या तासात तिला कोणी चहा सांगायचा नाही.