पाळीव दगड आणि आपला माळा

१९७५ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात गॅरी डाल या जाहिरात व्यावसायिकाने समुद्रकाठचे साधे गोटे विकायला काढले. गोटा एका पुठ्ठ्याच्या पेटीत, पेटीला हवेसाठी भोके, आणि सोबत या 'पाळीव दगडा'ची निगा कशी राखावी याची पुस्तिका! किंमत सुमारे चार डॉलर. नाताळच्या त्या हंगामात असे दहा लाखांहून अधिक दगड खपले. पुढच्या वर्षी त्यांना कोणी विचारीनासे झाले.

ही कथा ऐकून आपण हसतो. पण हसण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या घरातला माळा एकदा उघडून पाहावा. तिथे दोनदा वापरलेले पोळ्या लाटणारे यंत्र असते, अंडी सोलण्याचे उपकरण असते आणि २०१७ साली मुलांनी हट्टाने घेतलेल्या, बोटांवर गरगरणाऱ्या 'फिजेट स्पिनर'चा ढीगही असतो. गॅरी डाल यांनी निदान आपण दगड विकत आहोत, हे लपविले नव्हते. आजचे विक्रेते तितके प्रामाणिक नाहीत.

त्याच २०१७ सालचे ज्युसेरो या अमेरिकन कंपनीचे उदाहरण पाहावे. इंटरनेटला जोडलेले हे रसयंत्र प्रारंभी ६९९ डॉलरना विकले जात होते आणि गुंतवणूकदारांनी कंपनीत सुमारे बारा कोटी डॉलर ओतले होते. एप्रिलमध्ये ब्लूमबर्गच्या पत्रकारांनी रसाची पिशवी नुसत्या हातांनी पिळून दाखविली. रस जवळजवळ तेवढाच निघाला! सप्टेंबरमध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. परमेश्वराने दिलेले दोन हात पुरेसे आहेत, हे कळण्यासाठी एवढा खर्च करावा लागला.

यावर ठरलेले उत्तर येते : "ज्याला हवे तो घेईल, तुमचे काय जाते? आणि निरुपयोगी म्हणाल तर खेळ, कला, रांगोळी यांचा तरी काय उपयोग?" प्रश्न रास्त आहे; त्याचे उत्तर दिलेच पाहिजे.

निरुपयोगी असणे हा दोष नव्हेच. भोवऱ्याने कोणाचे पोट भरत नाही. पण दोरी कशी गुंडाळावी, हात केव्हा झटकावा आणि फिरता भोवरा तळहातावर कसा घ्यावा, हे शिकण्यात मुलाचा अख्खा उन्हाळा जातो. स्पिनर मात्र मुलाकडून काहीच मागत नाही. बोटाने टिचकी मारली की झाले. सकाळची रांगोळी संध्याकाळी पुसली जाते, पण ती काढणारा हात घडलेला असतो. टुमेची वस्तू जाते तेव्हा मागे कौशल्य उरत नाही, आठवण उरत नाही. उरतो तो कचरा आणि पुढच्या वस्तूची भूक.

ही भूक आपोआप लागत नाही, ती लावली जाते. २०२५ साली जगभर गाजलेल्या लाबुबू या दातविचक्या बाहुलीकडे पाहा. ती बंद खोक्यात मिळते. आत कोणती बाहुली आहे, हे पैसे मोजल्यावरच कळते. हवी ती निघाली नाही की दुसरा खोका, मग तिसरा. लहान मुलांच्या हाती दिलेली ही सोडत नव्हे काय? त्या जूनमध्ये बीजिंगच्या एका लिलावात माणसाच्या उंचीची लाबुबू दहा लाखांहून अधिक युआनला गेली. मोल बाहुलीचे नव्हते. 'माझ्याजवळ आहे, तुझ्याजवळ नाही' या भावनेचे होते. शाळेत मुलाच्या मनात नेमकी हीच भावना पेरली जाते आणि पालक तिची किंमत चुकवतात.

'तुमचे काय जाते?' याचेही उत्तर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ मधील अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला. त्यातील जेमतेम २२ टक्क्यांचीच रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. उरलेल्याचे काय होते, ते दिल्लीच्या सीलमपूरमध्ये जाऊन पाहावे. तिथे कष्टकरी माणसे उघड्या हातांनी यंत्रे फोडतात, आम्लात बुडवितात आणि तो धूर छातीत घेतात. आपली आठ दिवसांची गंमत त्यांच्या फुप्फुसात मुक्कामाला जाते.

अपरिग्रहाचा संस्कार सांगणाऱ्या समाजाला हे शोभते काय? संन्यास घ्या, असे कोणी म्हणत नाही. हौस जरूर करावी, मुलांना खेळणीही जरूर घ्यावीत. मात्र ती घेताना स्वतःला एवढेच विचारावे : ही वस्तू माझ्या मुलाला काही शिकवील, की केवळ पुढची वस्तू मागायला लावील? उत्तर दुसरे असेल, तर ती पेटी कितीही चकचकीत असो, आत दगडच आहे.